शुगर आहे आणि बाळ हवंय: तयारी पाळी चुकण्याआधीची

आमच्या दवाखान्यात माझ्या टेबलामागच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. इंदूरच्या मराठी घरांमध्ये ते जसं हटकून येतं, तसंच इथेही. संकष्टी-एकादशी बघण्यापेक्षा मी ते शुगर असलेल्या मुलींना एक हिशेब दाखवायला जास्त वापरते. मी डॉक्टर नाही. गेली १८ वर्षं डायबिटीजच्या दवाखान्यात समुपदेशक आहे. सुई कुठे टोचायची, साखर कधी तपासायची, पोह्यांवर शेव किती घालायची, जिलबी खाल्लीच तर पुढे काय करायचं, हे सांगणं माझं रोजचं काम. पण या सगळ्यापेक्षा मला तो भिंतीवरचा हिशेब मोलाचा वाटतो. तोच आज इथे मांडते.

समजा, पाळी १ जूनला आली. ती दर २८ दिवसांनी नियमित येत असेल तर १५ जूनच्या आसपास बीज बाहेर पडतं, आणि दिवस राहायचे असतील तर तेव्हाच राहतात. २९ जूनला पाळी यायला हवी, ती येत नाही. आपल्याकडे लगेच कोणी तपासत नाही. ‘प्रवास झाला, दगदग झाली, होतं पुढेमागे’ म्हणत आठ-दहा दिवस जातात. मग मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली जाते आणि सकाळच्या पहिल्या लघवीत दोन रेघा उमटतात. तारीख झालेली असते ९ जुलै.

आता बोट जरा मागे न्या. ७ जुलैच्या सुमाराला बाळाचं हृदय धडधडू लागलेलं आहे. ते अजून एका वाकड्या नळीएवढंच आहे, पण कामाला लागलं आहे. बोट पुढे न्या. ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती १३ जुलैपर्यंत दोन्ही टोकांनी मिटते. १० ऑगस्टपर्यंत हृदयाचे कप्पे, हातपाय, चेहरा यांची मुख्य घडण उरकते. बाळ तेव्हा जेमतेम तीन सेंटिमीटरचं असतं. डॉक्टरांकडे पहिली फेरी बऱ्याचदा याच दिवसांत होते, आणि घरात तर अजून कुणाला सांगितलेलंही नसतं. पहिले तीन महिने बाहेर बोलायचं नाही, ही आपली रीत.

ज्या बाईला शुगर नाही तिच्यासाठी हा उशीर सहसा चालून जातो. शुगर असलेल्या बाईसाठी मात्र या सहा-आठ आठवड्यांतच खूप काही ठरून जातं.

असं का होतं? आईच्या रक्तातली साखर बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन, मग ते तिच्या शरीरात बनलेलं असो वा सुईतून घेतलेलं, पलीकडे जवळजवळ जात नाही. आणि त्या पहिल्या आठवड्यांत बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवण्याइतकं घडलेलंच नसतं. म्हणजे आईच्या रक्तात साखर २५० असेल तर त्या तांदळाएवढ्या जिवापर्यंतही ती पोचते, आणि ती आवरायला त्याच्याकडे काही नसतं. पेशी वाढताना, वळताना, एकमेकींशी जुळताना त्या साखरेमुळे त्यांच्या कामात गडबड होते. जास्त करून ती हृदयात आणि मेंदू-मज्जारज्जूच्या नळीत होते, कारण नेमके तेच भाग तेव्हा घडत असतात. गर्भ न टिकण्याचा धोकाही यामुळेच वाढतो.

कोणत्याही बाळंतपणात शंभरातल्या दोन-तीन बाळांमध्ये जन्मतः मोठं व्यंग असू शकतं. शुगर ताब्यात ठेवून दिवस राहिलेल्या बायकांत हे प्रमाण या आकड्याच्या जवळपास येतं. साखर जसजशी वर, तसतसा धोका वर. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक रक्ततपासणी असते, एचबीएवनसी; ती १० टक्क्यांच्या पुढे गेलेली असेल तर तो कित्येक पटींनी वाढलेला असतो. हे वाचून पोटात गोळा आला असेल, तर त्याच वाक्यातली दुसरी बाजूही बघा. हा धोका आपल्या हातानं कमी करता येतो. गरोदरपणातल्या फार थोड्या धोक्यांबद्दल असं म्हणता येतं. अट एवढीच की काम आधी सुरू व्हायला हवं.

आणि ते ‘आधी’ मिळतं कशातून? गर्भनिरोधकातून. बाळ नको असलेल्या बायकांची ही वस्तू, असं आपण समजतो. शुगर असलेल्या आणि बाळ हवं असलेल्या बाईला तिची गरज कुणाहूनही जास्त असते. साखर खाली येईपर्यंत, औषधं बदलून होईपर्यंत, डोळे तपासून होईपर्यंत पाळणा लांबवायचा. आपल्या आज्यांच्या काळात भिंतींवर रंगवलेला हा शब्द इथे अगदी चपखल बसतो.

माझी चूक

२००९ सालची गोष्ट. रामबागेकडची एक बाई, वय २९, एक मूल पाच वर्षांचं, चार वर्षांपासून शुगर. गोळ्या नीट घ्यायची नाही, पण स्वभावानं फार गोड. जाता जाता दारात थांबून तिनं मला हळूच विचारलं, “ताई, तांबी बसवली तर चालेल का हो मला?” तेव्हा मी कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. मी जे चहूकडे ऐकलं होतं तेच सांगितलं: शुगर आहे ना, मग तांबी नको, आत जंतू होतात. “मग काय करू?” यावर “ह्यांना काळजी घ्यायला सांगा” असं मोघम काहीतरी बोलले आणि पुढचा नंबर पुकारला.

चार महिन्यांनी ती आली तेव्हा तिला दोन महिने होऊन गेले होते आणि एचबीएवनसी ९.८ होतं. त्या बाळाच्या हृदयात दोष निघाला. तांबी बसवली असती तर तसं झालंच नसतं, असं शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. पण तिनं योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला होता आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं, हे मी स्वतःपासून कधी लपवलेलं नाही. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा नीट वाचायला बसले.

तेव्हा कळलं की जागतिक आरोग्य संघटनेची एक यादीच आहे. कोणत्या आजारात कोणतं गर्भनिरोधक चालतं हे तीत १ ते ४ अशा क्रमांकांनी दिलेलं आहे. १ म्हणजे खुशाल वापरा. २ म्हणजे फायदा तोट्याहून जास्त, वापरायला हरकत नाही. ३ म्हणजे तोटा जास्त, दुसरं काही मिळत असेल तर हे टाळा. ४ म्हणजे अजिबात नको. आणि त्या यादीत डायबिटीजपुढे तांबीला, म्हणजे कॉपर-टीला, क्रमांक आहे १. डायबिटीज जुना असो, नवा असो, इन्सुलिनवर असो, डोळ्यांवर किंवा किडनीवर परिणाम झालेला असो, तरीही १. ‘आत जंतू होतात’ याला पुरावा नाही. साखर वाढली की खाली खाज सुटते, बुरशीचा त्रास होतो हे खरं, पण ते साखरेमुळे. तांबी असो वा नसो, तो होतोच.

कुणाला काय चालतं

तांबीचं इतकं कौतुक करते, कारण शुगरमध्ये ती खरोखर सोयीची आहे. तिच्यात हार्मोन नसतं, त्यामुळे साखरेवर, वजनावर, ब्लडप्रेशरवर काहीही परिणाम नाही. रोज आठवण ठेवावी लागत नाही. आधीच चार गोळ्या आणि दोन सुया सांभाळणाऱ्या बाईला हे फार मोठं सुख असतं. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसते, एक प्रकार पाच वर्षांचा, दुसरा दहा वर्षांचा. शंभर बायकांनी वर्षभर वापरली तर एखादीलाही दिवस राहतीलच असं नाही. पाळीत रक्त मात्र थोडं जास्त जातं, विशेषतः पहिले काही महिने. ज्या बाईचं हिमोग्लोबिन मुळातच आठ-नऊ आहे तिनं हे डॉक्टरांना आधी सांगावं. तिच्यासाठी हार्मोनची तांबी जास्त बरी पडते. ती गर्भाशयातच थोडं थोडं हार्मोन सोडते आणि पाळीतला रक्तस्राव उलट कमी करते. ती महाग आहे. यादीत तिला क्रमांक २.

रोजच्या गोळ्यांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे शुगरमध्ये गोळ्या विषासारख्या, दुसरं म्हणजे मेडिकलवाल्याकडून घ्या आणि सुरू करा. खरं उत्तर शुगरनं शरीराला कुठवर गाठलंय त्यावर आहे. माला-एनसारख्या गोळ्यांत दोन हार्मोन असतात आणि त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. बाई तरुण आहे, ब्लडप्रेशर ठीक आहे, तंबाखू नाही, डोळे-किडनी-नसा-हृदय चांगले आहेत, तर या गोळ्यांना क्रमांक २. त्या चालतात. साखरेवर त्यांचा परिणाम नगण्य असतो. पण डोळ्यांच्या पडद्यावर, किडनीवर किंवा नसांवर शुगरचा परिणाम झालेला असेल, किंवा शुगर होऊन २० वर्षं उलटली असतील, तर क्रमांक ३ किंवा ४. बाराव्या वर्षी टाइप वन, म्हणजे शरीर इन्सुलिन बनवेनासं होतं तो डायबिटीज, झालेली मुलगी बत्तिसाव्या वर्षी या दुसऱ्या गटात येते, ती कितीही धडधाकट दिसत असली तरी. हे अनेकींना माहीत नसतं. तिला एकाच हार्मोनची, म्हणजे फक्त प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाची गोळी चालते, आणि दंडात कातडीखाली बसवायची बारीक काडीही. त्या दोन्हींना क्रमांक २.

दर तीन महिन्यांची सुई, सरकारी योजनेत जिला ‘अंतरा’ म्हणतात, तीही गुंतागुंत नसलेल्या शुगरमध्ये चालते. गुंतागुंत असेल तर टाळावी. पण जिला वर्षभरात बाळ हवंय तिला मी या सुईबद्दल एक गोष्ट जरूर सांगते. शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. पंचविशीतल्या मुलीला याचं काही वाटत नाही, छत्तिशीतल्या बाईला हे सात महिने जड जातात. ‘छाया’ ही आठवड्याची गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली. तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास), लिव्हर किंवा किडनीचा त्रास असेल तर ती देत नाहीत.

राहिला निरोध. आजारांपासून वाचवणारा तो एकटाच, म्हणून त्याला तोड नाही. पण रोजच्या वापरात, म्हणजे कधी विसरून कधी फाटून, वर्षभरात शंभरातल्या साधारण १३ जणींना दिवस राहतात. ‘हे काळजी घेतात’ या पद्धतीत सुमारे २०. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका याच दोन गोष्टींवर विसंबून असतात. एचबीएवनसी ९ असताना इतका कच्चा आडोसा पुरत नाही, हे मी स्पष्ट सांगते. चूक झालीच तर ७२ तासांच्या आतली गोळी शुगरमध्ये घेता येते, आणि पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी त्याहून खात्रीची. कुटुंब पूर्ण झालं असेल तर पुरुषाची नसबंदी हा बाईच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपा मार्ग आहे. बायकोला शुगर असताना तिलाच भूल देऊन ऑपरेशनला पाठवण्याआधी नवऱ्यानं हा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

‘मला कुठे राहणार दिवस?’

हे वाक्य मी पीसीओएस असलेल्या मुलींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की लगेच वही उघडते. पाळी दोन-दोन महिने येत नाही, वजन जास्त, कुणीतरी ‘कठीण आहे’ असं सांगितलेलं. म्हणून काहीच वापरत नाहीत. पण पाळी अनियमित असली तरी बीज कधीतरी बाहेर पडतंच, फक्त केव्हा ते कळत नाही. आणि साखर उतरवायला मेटफॉर्मिन सुरू झालं, पाच-सात किलो वजन उतरलं, की ते जास्त नेमानं पडू लागतं. पाळी तर नेहमीच पुढे जाते, त्यामुळे चुकली हे लक्षातच येत नाही. मग कळतं ते तिसऱ्या महिन्यात.

आता यात आठवड्याच्या नव्या सुयांची भर पडली आहे, शुगरच्या आणि वजन उतरवण्याच्या. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही नावं आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. वजन उतरतं तशी गर्भधारणेची शक्यता वाढते. गरोदरपणात मात्र या सुया घ्यायच्या नसतात. सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपॅटाइड पोट सावकाश रिकामं करतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळी अंगी लागायला अडचण येते. सुई सुरू केल्यावर चार आठवडे, आणि डोस वाढवला की पुन्हा चार आठवडे, गोळीसोबत निरोधही वापरायचा. सुई लिहून देणाऱ्यानं हे सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा.

लग्न ठरलं की

लहानपणापासून इन्सुलिन घेणाऱ्या मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. आईबाप तळहातावरच्या फोडासारखं जपून त्यांना वाढवतात, पण लग्न आणि मूल या विषयावर घरात दाराआड कुजबुज असते. मुलीसमोर मी गर्भनिरोधकाचं नाव काढलं की काही आया खुर्चीतून उठतात. “अहो ताई, अजून लग्न नाही झालं तिचं.” मी त्यांना बसवून घेते. लग्नाआधी कळलं तरच उपयोग आहे, कारण लग्नानंतर सगळ्यांना घाई असते. वर्षाच्या आत गोड बातमी हवी असते, आणि मुलगी नव्या घरात सुई घ्यायला न्हाणीघरात जाते, जेवणाआधीचा डोस चुकवते, चारचौघांत साखर तपासत नाही. तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट साखर बहुतेक वेळा लग्नानंतरच्या त्याच चार-सहा महिन्यांत दिसते, आणि नेमकं तेव्हाच काही वापरलेलं नसतं.

एक मुलगी माझ्याकडे साखरपुड्यानंतर होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली. तो एक पानभर प्रश्न लिहून घेऊन आला होता. पहिला प्रश्न होता, “हिची साखर रात्री उतरली तर मी काय करायचं?” आणि शेवटचा, खूप खोडलेला, “मुलालाही होईल का?” मी सांगितलं: आईला टाइप वन असेल तर मुलाला ते होण्याची शक्यता शंभरात साधारण एक ते चार, म्हणजे बहुतेक मुलांना होत नाही. त्यानं तो आकडा त्या खोडलेल्या प्रश्नाखाली लिहून घेतला. असे नवरे हल्ली दिसतात, याचा मला फार आनंद आहे.

पाळणा लांबवून काय करायचं

पहिलं लक्ष्य एचबीएवनसीचं. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात जितकी साखर रक्तात फिरली तितकी त्यांना चिकटते. ती मोजणारी ही तपासणी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनचा सल्ला असा की दिवस राहण्याआधी तो ६.५ टक्क्यांच्या खाली आणावा, साखर वारंवार फार उतरत नसेल तर. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना आणखी स्पष्ट बोलतात: १० टक्क्यांच्या वर असेल तर आत्ता दिवस राहू देऊ नका. या दोन आकड्यांच्या मध्ये बहुतेक बायका असतात, आणि तिथे प्रत्येक पायरी मोलाची आहे. ९ वरून ७.५ आलं तरी बाळाच्या दृष्टीनं तो मोठा पल्ला असतो. ६.५ जमलं नाही म्हणून रडत बसलेल्या मुलींना मी हेच सांगते. एक पथ्य लक्षात ठेवा: लोह कमी असेल, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर हा आकडा फसवू शकतो. मग बोटातून घेतलेल्या साखरेच्या नोंदींवर जास्त भर द्यावा लागतो.

दुसरं, फॉलिक अॅसिड. मघाची ती १३ जुलैला मिटणारी नळी नीट मिटावी म्हणून ही गोळी. इतर बायकांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, शुगरमध्ये डॉक्टर बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची देतात. दिवस राहण्याआधी निदान एक महिना, शक्यतो तीन महिने आधीपासून, ते बारा आठवडे पुरे होईपर्यंत. गोळी अगदी स्वस्त आहे. दोन रेघा दिसल्यावर सुरू केली तर नळीच्या दृष्टीनं बराच वेळ निघून गेलेला असतो.

तिसरं म्हणजे औषधांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करणं. मी शब्दशः रिकामी करायला सांगते, कारण नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. ब्लडप्रेशरच्या किंवा किडनीसाठी दिलेल्या गोळ्यांत रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन असेल तर त्या बाळाला घातक ठरू शकतात. त्यांच्या जागी लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिनसारखी औषधं देतात. कोलेस्टेरॉलच्या अटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन सहसा थांबवतात. शुगरच्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन बंद. मेटफॉर्मिन बऱ्याचदा चालू ठेवता येतं, आणि मुख्य भार इन्सुलिनवर येतो. इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं की घरात सुतकी शांतता पसरते, जणू आजार शेवटच्या टप्प्याला गेला. तसं काही नाही. ते बाळापर्यंत जवळजवळ जात नाही, म्हणूनच ते निवडलं जातं. आणि हो, ब्लडप्रेशरची गोळी आपल्या मनानं एका झटक्यात सोडायची नाही, बदलून घ्यायची.

डोळ्यांकडे फार दुर्लक्ष होतं. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासून घ्या. गरोदरपणात डोळ्यांतला शुगरचा दोष वाढू शकतो, आणि साखर घाईघाईनं खाली आणली तर त्यानंही तात्पुरता वाढतो. म्हणून आधी डोळे, मग सावकाश साखर. यासाठी चार-सहा महिने लागतात, आणि ते महिने मिळावेत म्हणूनच तर पाळणा लांबवायचा. लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, थायरॉइड, ब्लडप्रेशर या तपासण्या एकाच फेरीत होतात.

आणि नकळत दिवस राहिलेच तर?

घाबरून गर्भपाताकडे धावू नका, आणि घाबरून इन्सुलिनही बंद करू नका. या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत. त्याच आठवड्यात, जमलं तर दुसऱ्याच दिवशी, शुगरच्या डॉक्टरांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, औषधं बदलून घ्या, फॉलिक अॅसिड सुरू करा. साखर वर असताना दिवस राहिलेल्या कितीतरी बायकांची बाळं सुदृढ जन्मतात. सुमारे १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी आणि त्यानंतरची बाळाच्या हृदयाची खास तपासणी यांतून पुष्कळ काही कळतं. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांमुळे साखर एकदम उतरू शकते, उशाशी साखरेची पुडी ठेवा. बाराव्या आठवड्यानंतर कमी डोसची अॅस्पिरिन देतात, ब्लडप्रेशर वाढून होणारा गरोदरपणातला त्रास टाळायला. ते लिहून दिलं तर ‘रक्त पातळ करायची गोळी का?’ म्हणून बाजूला ठेवू नका.

बाळ ठेवायचं की नाही हा निर्णय त्या बाईचा. कायदा तिच्या बाजूनं आहे. १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या बदलानंतर गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहित बाईलाही देता येतं, आणि २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. तिला पूर्ण माहिती मिळावी आणि तिच्यावर कुणी दडपण आणू नये, एवढं आपल्या हातात आहे.

ज्यांना फक्त गरोदरपणात शुगर झाली होती आणि बाळंतपणानंतर गेली, त्यांनाही हे सगळं लागू आहे, जरी त्यांना तसं वाटत नसलं तरी. ‘गेली’ म्हणजे कायमची गेली असं नाही. बाळ दीड महिन्याचं झालं की ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन तपासणी करायची, पुढे दर वर्षी. डिंकाचे लाडू, पाहुणे, बारसं, टोचण्या यात ही तपासणी हमखास राहून जाते. मग दुसऱ्या खेपेला दिवस राहतात तेव्हा शुगर कधीचीच परत आलेली असते. या बायकांना सगळी गर्भनिरोधकं चालतात, यादीत सगळ्यांपुढे १. बाळंतपणाच्या वेळीच, ४८ तासांच्या आत, तांबी बसवून घेता येते. घरी गेल्यावर पुन्हा दवाखान्यात यायला कुणाला फुरसत मिळते?

परवा राजेंद्रनगरची एक मुलगी रिपोर्ट घेऊन आली. गेल्या वर्षी ८.९ होतं, आता ६.४. डोळे तपासून झालेले, टेल्मिसार्टन बदललेली. तिनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडे बघत विचारलं, “मावशी, मग तांबी कधी काढायची? आणि काढल्यावर किती दिवस थांबायचं?” थांबायची गरज नसते, तांबी काढली की पहिल्याच महिन्यात दिवस राहू शकतात. म्हणून मी तिला फॉलिक अॅसिड कधीपासून घेतेस ते विचारलं. “आठ दिवस झाले,” ती म्हणाली. आम्ही कालनिर्णयाची पानं उलटली, तीन महिने मोजले आणि तांबी काढायची तारीख पेन्सिलनं मांडली. तिनं मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो काढून घेतला.